अर्धा चमचा मीठ, एक पेला पाणी

४ नोव्हेंबर, मंगळवार

वहिनी म्हणते नाकात पाणी घाला! मिठाचे. एका नाकपुडीतून घालायचे आणि दुसरीतून बाहेर सोडायचे. मी म्हणालो, माझे नाक म्हणजे काय मोरी आहे? तर म्हणते, "सध्या तुंबलेली मोरीच आहे, भाऊजी." दादा हसता हसता खोकायला लागला. या घरात माझ्या आजाराचा उपयोग एवढाच — यांची करमणूक.

एप्रिलमधल्या तापापासून हे चालू आहे. कपाळ जड. वाकले की डोळ्यांमागे दगड सरकल्यासारखा वाटतो. डावी नाकपुडी बंद, उजवी मनात असेल तेव्हा उघडते. गोळ्या झाल्या, वाफ झाली, मलम झाले. आणि आता नळाची तोटी नाकात!

एक गोष्ट मात्र कोणालाच सांगितलेली नाही. इथे लिहितो. मला वास येत नाही. अजिबात नाही. फिनेल आणि पाणी सारखेच.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज बॅटरीच्या दुकानात मालकांनी सगळ्यांसमोर सांगितले. चौतीस वर्षे चार्जिंगची खोली सांभाळणारे मिस्त्री महिनाअखेर जाणार. "वय झालं आता, आराम करा." मिस्त्री बॅटरीची बुचे पुसत राहिले.

चार्जिंगची खोली आता पोपटाला किंवा मला. पोपट म्हणजे काउंटरवर बसणारा, नाव मीच ठेवलेले. मालकांचे शेवटचे दोन शब्द पुन्हा म्हणण्याखेरीज त्याने पाच वर्षांत काही केलेले नाही. "आराम करा, मिस्त्री!" — म्हणालाच. २९ तारखेला मालक स्वतः परीक्षा घेणार. ज्याला जमेल त्याची खोली. दुसरा असेल तिथेच राहणार. मी असतो मागच्या दारी, गंजलेली टर्मिनले (तारा जोडायची टोके) घासत. चार वर्षे झाली घासतोय.

परीक्षा कसली, तर नाकाची! खोलीत फळीवर आठ बॅटऱ्या ओळीने चार्जिंगला असतात. एखादी जास्त तापली की सडक्या अंड्यासारखा वास सोडते. तो ओळखून तिला वेळेवर काढायचे. नाही ओळखले तर आत साठलेला वायू एका ठिणगीने पेटतो आणि बॅटरी फुटून ॲसिड तोंडावर येते. मीटर आहेत, पण मालक म्हणतात मीटर उशिरा बोलतो. मिस्त्रींचे नाक मात्र गिऱ्हाइकांतही प्रसिद्ध आहे. बॅटरीसमोर उभे राहून भात्यासारखा श्वास ओढतात, सगळ्या दुकानाला ऐकू जावा असा. नाटकी म्हातारा.

खोली माझी व्हायला हवी. नोंदी मी ठेवतो. अक्षर माझे चांगले. नववीत शाळा सुटली तरी शुद्धलेखनात हार गेलो नाही. पोपट 'चार्जींग' लिहितो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दूध करपले. मी शेगडीपासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होतो. वहिनी धावत आली. भांडे काळेठिक्कर. माझ्याकडे बघत राहिली. "भाऊजी, तुम्हाला वास आला नाही?"

म्हणालो, लक्ष नव्हते.

तिने फडताळातून काहीतरी काढून माझ्या नाकाखाली धरले. "डोळे मिटा. सांगा काय आहे."

"साबण."

कांदा होता. चिरलेला.

झाले. आता घरभर. दादाला तर भारीच गंमत वाटली — "याला काहीही खायला घाला, चालेल!" वहिनी हसली नाही. बाजारातून तोटीचे एक छोटे भांडे घेऊन आली. बाहुलीच्या चहाच्या किटलीसारखे दिसते. ते नाकात खुपसून मी बेसिनवर वाकणार. मी!

८ नोव्हेंबर, शनिवार

वहिनीची कृती अशी. पाणी खळखळ उकळून कोमट होऊ द्यायचे. नळाचे तसेच घ्यायचे नाही. एका पेल्याला अर्धा छोटा चमचा साधे मीठ. चिमूटभर खाण्याचा सोडा.

सोडा! सोड्याने आम्ही दुकानात टर्मिनलवरची पांढरी पूड धुतो. म्हणजे मला बढती मिळाली. काल मोरी होतो, आज टर्मिनल.

आणि 'चिमूट' म्हणजे किती? कोणाची? दादाची चिमूट आणि वहिनीची चिमूट यांत तिपटीचा फरक आहे, मी दोघांकडून कागदावर घेऊन पाहिला. बायकांच्या या अंदाजपंचे कारभारावर माझा विश्वास नाही. मोजण्याची उपकरणे जगात उगाच झालेली नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार

आज जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

काल दुकानातून हायड्रोमीटर घरी आणला. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारा काटा. बॅटरीतले ॲसिड किती दाट आहे ते त्यावर कळते. काटा हिरव्यात तरंगला तर बॅटरी भरलेली, लाल खुणेवर आला तर उतरलेली. आणि तळाशी जाऊन बसला तर बॅटरी मेलेली. म्हटले, ॲसिड मोजतो तसेच मीठपाणीही मोजेल. नळी दोनदा धुऊन घेतली.

वहिनीने कालवलेले पाणी नळीत ओढले. काटा थेट तळाला! मला हसू आले. हे हिचे औषध — मेलेले पाणी! आणखी अर्धा चमचा घातला. काटा तळाला. दोन चमचे. तळाला. चौथ्याला जरा हलला. सहा चमचे मीठ झाले तेव्हा कुठे लाल खुणेपर्यंत आला. मी म्हटले, हिरव्याचा आग्रह नको, सुरुवात आहे.

बेसिनवर वाकलो. मान वाकडी केली. तोंड उघडे ठेवले. ओतले.

पुढचे नीट आठवत नाही. डोक्यात निखारे ओतल्यासारखे झाले. किटली भिंतीवर आपटली. मी ओरडलो, कोणते शब्द ते लिहिण्यासारखे नाहीत. डोळे, नाक, तोंड, सगळ्यांतून पाणी. दादा आंघोळ अर्धी सोडून आला.

मी वहिनीला म्हणालो, तू मला मारायला निघालीस!

तिने उरलेले पाणी बोटाने चाखले. थुंकले. मग हायड्रोमीटर पाहिला.

"हे ॲसिडमधलं आहे?"

"धुतलेले आहे."

"किती मीठ घातलंत?"

सांगितले. ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "भाऊजी, बॅटरीला चालतं ते नाकाला चालत नाही, एवढं तरी शाळेत शिकवलं असेल ना?"

११ नोव्हेंबर, मंगळवार

कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. वहिनीने ओढून नेले. डॉक्टरने नळी घालून आत पाहिले. "आतून सगळं लालेलाल. काय केलंत?" वहिनीने सविस्तर सांगितले, हायड्रोमीटरसकट. हिला काही गाळता येत नाही. डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसला. "नाक खारवायला निघाला होतात? मासे खारवतात तसं?"

याने माझ्याकडून फी घेतली आणि वर विनोदही केले.

पण लिहायलाच हवे — वहिनीची कृती त्याने जशीच्या तशी बरोबर ठरवली. अर्धा छोटा चमचा. मीठ आयोडीन नसलेले. पाणी उकळून गार केलेले, झाकून ठेवलेले, रोज नवे. किटली दर वेळी धुऊन वाळवायची. नंतर नाक हळू शिंकरायचे, जोर लावायचा नाही. चार दिवस थांबून सुरू करायचे, सकाळ-संध्याकाळ, आणि नंतर त्याने दिलेला फवारा. ताप आला, रक्त आले, डोळ्याभोवती सूज आली तर लगेच यायचे.

वास कधी येईल विचारले. "आठवडे लागतील. महिनेही. येईलच असं नाही सांगत." मग विचारले, "कामात वासाची गरज पडते का?"

म्हणालो, नाही.

वहिनी माझ्याकडे बघत होती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

"मालकांना सांगून टाका." वहिनी, आज तिसऱ्यांदा. म्हणते, स्फोट झाला तर खोलीचं काय करायचं? पोपटाला मिळू दे, पण हातीपायी धड राहा.

हिला सोपे आहे. मालकांना सांगितले की संपले. आणखी चार वर्षे तारेचा ब्रश, आणि पोपट त्या खोलीच्या दारात उभा राहून मला हाक मारणार — "अरे, जरा हे घास."

नाही सांगणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा सुरू. सात मिनिटे उकळले, घड्याळ लावून. अर्धा चमचा, सुरीने सपाट करून. डावीत घातले, उजवीतून आले नाही. घशात उतरले. वहिनी दारातून: "गिळू नका! तोंडाने श्वास घ्या! मान एवढी वर नको!" मोटार शिकवणाऱ्यासारखी.

जळजळ झाली नाही. हे तिला सांगितलेले नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी डावी बंद, उजवी अर्धी. संध्याकाळी तसेच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत मालकांनी मला चार्जिंगच्या खोलीत एकटे ठेवले. दर चार मिनिटांनी आठही मीटर वाचले, वहीत लिहिले. एकही ओळ चुकवली नाही. सगळे ठीक होते. अगदी ठीक.

मिस्त्री डबा खाऊन आले, ओळीवरून हात फिरवत गेले आणि लगेच मुख्य बटण बंद करून सातव्या बॅटरीची तार काढली. "लेका, झोपलास का?" तिची बुचे उघडली तर आत रटरट.

मग त्यांनी तो भात्याचा श्वास ओढला. "वास नाही आला तुला?"

"सर्दी आहे."

ते बघत राहिले. वहिनीने दुधाच्या वेळी पाहिले होते तसे. "नवी सर्दी की जुनी?"

"नवी."

"बरं," म्हणाले. आता हा म्हातारा मालकांना सांगणार. नक्की सांगणार. जाता जाता कोणाला तरी बरोबर बुडवायचे असते या लोकांना.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलेले दिसत नाही. कशाची वाट बघतोय?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

डावी उघडली! सकाळी पाणी डावीतून गेले, उजवीतून सरळ धारेने बाहेर आले. मागोमाग जे आले त्याचे वर्णन करत नाही. एवढे माझ्या डोक्यात होते? दादा म्हणाला, "तरीच काही शिरत नव्हतं."

कपाळ हलके. वास नाही.

पोपटाने आज मला विचारले, तुझ्या नाकाला हल्ली काय झालंय, लाल दिसतंय. मालकांच्या देखत. मी म्हटले, तुझ्या अत्तराचा त्रास होतो. अंदाजाने ठोकले. त्याने शर्ट हुंगून पाहिला. निघाले अत्तर लावलेले! मूर्ख.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दोन्ही उघड्या. वास नाही. पाच दिवस उरले. वहिनी म्हणते धीर धरा. धीर काय पेल्याला अर्धा चमचा मिळतो?

२६ नोव्हेंबर, बुधवार

दादाचे मोजे!!

दारात काढून टाकले होते. मी जवळून गेलो आणि थांबलो. कसले भयंकर. परत गेलो. उचलून हुंगले. दादाने पाहिले, त्याला वाटले माझे डोके गेले. मी वहिनीला ओरडून सांगितले. ती हात पुसत आली, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. "आठ महिन्यांनी आला आणि आला तो हा वास! तुमच्या नशिबाचं काय म्हणायचं, भाऊजी!"

मग घरभर फिरलो. साबण येतो. रॉकेल येते. पुस्तक येत नाही. कांदा — येतो!

२९ नोव्हेंबर, शनिवार

परीक्षा झाली.

सकाळी अकरा. मालक, पोपट, मी दारात. आठ बॅटऱ्या सकाळपासून चार्जिंगला. मालक म्हणाले, आधी मिस्त्री दाखवतील कसं करायचं ते, मग तुम्ही दोघं.

मिस्त्री पहिल्या बॅटरीशी गेले. तळहात तिच्या कडेला टेकवला, श्वास ओढला. दुसरी. तसेच. तिसरीशी थांबले. हात तिथेच ठेवला, मान कलती केली. "ही काढा," म्हणाले.

तेवढ्यात मला वास आला. सडका, गोडसर, घशात बसणारा. तिसरीचा नव्हता, पलीकडून येत होता. मी ओरडलो, "तिसरी नाही, पाचवी!" धावत जाऊन बटण बंद केले, मग तार. पाचवीची बुचे उघडली तर पाणी तपकिरी, उकळते. मालकांनी वाकून वास घेतला आणि नाक दाबून मागे सरले.

तिसरीचा मीटर पाहिला. सगळे बरोबर. मालकांनीही पाहिला.

"मिस्त्री," मालक म्हणाले, "आता खरंच घरी बसा."

"घरी बसा!" — पोपट. तो हसला. मीही हसलो. मिस्त्रींचा हात अजून तिसरीवरच होता. मग त्यांनी तो काढला, पॅन्टला पुसला आणि बाहेर गेले.

मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हे नाक कुठून आणलंस?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले — अर्धा चमचा मीठ, चिमूटभर सोडा, एक पेला उकळून गार केलेले पाणी. पोपटाला तर विशेष ऐकवले.

सोमवारपासून खोली माझी. चौतीस वर्षांचे नाक म्हणे! पाचवी एवढी घाण सुटली होती आणि साहेब तिसरीवर हात ठेवून उभे.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी आठला दार वाजले. मिस्त्री. इस्त्रीचा शर्ट घालून. मला वाटले भांडायला आले. मी मनात उत्तरे तयार केली, चांगली होती.

"ते पाण्याचं दाखव मला," म्हणाले.

मला कळेना. वहिनीने आत घेतले, खुर्ची दिली. पाणी चढवले. उकळेपर्यंत ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मग शेगडीकडे बघत बोलले, माझ्याकडे नाही.

"माझं नाक जाऊन नऊ वर्षं झाली. ॲसिडच्या वाफेनं असेल. बायकोला माहीत होतं, ती गेली. आता तुला सांगितलं."

मी विचारले, मग तो श्वास?

"लोक बघायला यायचे. नाव झालं होतं नाकाचं. बंद कसं करणार?" थोडे थांबून, "तुझी सर्दी नवी नाही, हे मला त्या दिवशीच कळलं. आपण दोघं एकाच बोटीतले."

"मालकांना सांगितले का नाही?"

"काय सांगू? माझंही सांगावं लागलं असतं."

मी त्यांना बेसिनवर वाकवले. मान कशी, तोंड कसे, सगळे दाखवले. म्हातारा गुदमरला, शर्ट भिजला, पण पाणी दुसरीकडून आले. वर बघून लहान मुलासारखे म्हणाले, "आलं!" वहिनीने टॉवेल दिला.

जाताना विचारले, "येईल का रे?"

नऊ वर्षांचे काय येणार! डॉक्टरने मला आठ महिन्यांच्या नाकाचीही खात्री दिली नव्हती. मी म्हणालो, येईल. रोज सकाळी या.

दिवसभर काही सुचत नाही. वास येत नव्हता तर नऊ वर्षे एकही बॅटरी फुटली कशी नाही?

१ डिसेंबर, सोमवार

गिऱ्हाईक यायच्या आत तिसरी बॅटरी लोडवर, म्हणजे भार देऊन, तपासली. आतला एक कप्पा भार पडताच बसला. झाकण कापून पाहिले — आतल्या पट्ट्या वाकून एकमेकींना टेकायच्या बेतात, टेकल्या की ठिणगी. वास शून्य. मीटरवर काहीच नाही. आज टेम्पोत बसली असती.

तशीच उचलून मालकांच्या टेबलावर ठेवली. म्हणालो, मिस्त्री बरोबर होते. ते हाताने ओळखतात, ओळीने येत होते. पाचवीपर्यंत मी त्यांना पोचूच दिले नाही. नऊ वर्षांचे ते स्वतः सांगतील, माझे आठ महिन्यांचे मी सांगतो.

सगळे सांगितले. मालक त्या वाकलेल्या पट्ट्यांवर बोट फिरवत बसले. खोलीची किल्ली मी काढून ठेवली, ती अजून आमच्या दोघांच्या मध्ये, टेबलावर आहे.